उतरल्याची तारीख

पत्र्याच्या पेटीतून आठ वस्तू निघाल्या. फोटो एक, देवी टोचल्याचा दाखला एक, पत्रं चार, कुंकवाचा करंडा एक आणि खलाशाच्या नोकरीचं पुस्तक, म्हणजे नल्ली, एक. नल्लीची पानं सोळा. बोटीवर चढल्याच्या तारखा अकरा, उतरल्याच्या दहा.

"अकरावी राहिलीय," रमाकांत म्हणाले. "वाच श्रुती. काय आलंय ते वाच."

नातीनं लॅपटॉप उघडला.

रमाकांत भाटकरांची चौतीस वर्षं लखनऊत रेल्वेच्या प्रयोगशाळेत दाबमापकं तपासण्यात गेली होती. काटा अर्धी रेघ इकडेतिकडे असला तरी ते सही करत नसत. आता आलमबागच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळची खाट आणि दोन्ही निकामी किडन्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. दिवसाला पाणी साडेसातशे मिलिलिटर. त्यांची सून विभा रोज सकाळी मापून बाटली भरून ठेवी. हातातली डायलिसिसची नस फार दिवस साथ देणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. मग पुढे काय, असं विचारल्यावर ते म्हणाले होते, "देखेंगे."

त्यामुळे जे कळायचं ते आता कळायला हवं होतं.

त्यांचे वडील दत्तू दाभोळचे. जहाजाच्या भट्टीत कोळसा टाकणारे आगवाले. बेचाळीसच्या जूनमध्ये मुंबईहून चढले. नोव्हेंबरात जहाज बुडालं, डिसेंबरात रमाकांत जन्मले. जहाज बुडालं एवढंच कंपनीनं कळवलं. दत्तू मेला असं कुणीच कळवलं नाही. पुढे त्याच जहाजावरून वाचून आलेला गावचा एक खलाशी सांगत सुटला की दत्तू दुसऱ्या होडीत होता आणि ती होडी किनाऱ्याला लागली. बाकीचं गावानं जोडलं. परमुलखातली बाई, नवा संसार, दोन पोरं.

रमाकांतांची आई लीलावती एकोणपन्नास वर्षं कुंकू लावत राहिली. ती गेली तेव्हा बायकांनी विचारलं, हिरवं नेसवायचं की पांढरं? रमाकांत म्हणाले, हिरवं. नवरा जिवंत आहे आणि मजेत आहे, हे त्यांना चारचौघांत दाखवून द्यायचं होतं. पितृपंधरवड्यात त्यांनी वडिलांना कधी पाणीही दिलं नाही. जिवंत माणसाला कोण देतं?

श्रुतीनं चार महिन्यांपूर्वी विलायतेतल्या एका अभिलेखागाराला पत्र लिहिलं होतं. भूगर्भशास्त्रात नुकतीच एमएस्सी झालेली. मूळ कागद पाहिल्याशिवाय तिचा कशावर विश्वास बसत नसे.

"सेकंड ऑफिसर की रिपोर्ट है, आबा. होडी नंबर तीन. एकतीस माणसं." ती थांबली. "पूरा पढूँ?"

"पूरा."

"अगं, आधी त्यांना उपमा तरी खाऊ दे," विभा दारातून म्हणाली.

"उपमा पळून जात नाही विभा. आमच्या घरात पळून गेलेला एकच, असं ऐकत मोठा झालो मी."

श्रुती वाचत गेली. होडी किनाऱ्याला लागलीच नव्हती. सतराव्या दिवशी एका जहाजाला ती दिसली तेव्हा बारा जण जिवंत होते. गेलेल्यांची यादी होती, दिवसांनिशी.

"तेरावा दिवस. पहाटे. आगवाला दत्तू." तिचा आवाज उतरला. "पानी में छोड़ दिया, लिखा है."

"तारीख?"

"इक्कीस नवंबर."

"कशानं गेला?"

"प्यास से, आबा. माणशी दोन औंस मिळायचं. दिन में एक बार."

"औंस ब्रिटिश ना? अठ्ठावीस पूर्णांक चार." त्यांचे ओठ हलले. "बारा दिवसांचं सहाशे ब्याऐंशी एमएल."

खाली भाजीवाला मटार ओरडत होता.

"मी तिला हिरवं नेसवलं," रमाकांत म्हणाले.

"आपको पता नहीं था."

"माहीत नव्हतं म्हणून नाही नेसवलं. खुन्नस होती म्हणून नेसवलं."

विभा खाटेशी आली. "कुडिया घाटावर पंडितजी असतात. रविवारी जाऊ, सगळं रीतसर करू."

"हा जिना आता मला उचलून उतरवतात. रविवारी कसा उतरवतील कुणास ठाऊक. ताम्हण आण. काळे तीळ आहेत?"

"पांढरे आहेत."

"चालतील. श्रुती, दक्षिण कुठे?"

श्रुतीनं फोनमधलं होकायंत्र उघडलं. "फ्रिज की तरफ. थोडं डावीकडे."

ते खाटेवरच तिकडे वळून बसले आणि उशाची बाटली उघडली.

"ते तुमचं पिण्याचं आहे," विभा म्हणाली. "मी दुसरं आणते ना."

"माझंच हवं."

त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं. हाक काय मारावी ते सुचेना. ब्याऐंशी वर्षांत ती हाक त्यांनी कुणालाच मारली नव्हती. शेवटी, "दत्तू भाटकर," असं त्यांनी हजेरी घेतल्यासारखं म्हटलं आणि अंगठ्याच्या बाजूनं पाणी सोडलं. दुसऱ्या ओंजळीला, "बाबा."

"तीनदाच सोडतात आबा," चौथ्या ओंजळीला विभा म्हणाली. "बस करा."

ते थांबले नाहीत. एक थेंबही ताम्हणाबाहेर पडू देत नव्हते. बाटली रिकामी झाल्यावर ती त्यांनी उलटी करून हलवली, मग भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. दुपारी विभानं ओला कापूस ओठांशी नेला, तो त्यांनी हातानं दूर केला. संध्याकाळी पुन्हा नेला. पुन्हा तेच.

"मम्मी, रहने दो," श्रुती म्हणाली.

उद्याच्या डायलिसिससाठी आजच्या पाण्याची नोंद वहीत हवी होती. श्रुतीनं ताम्हणातलं पाणी गाळून तीळ वेगळे केले आणि ते मापाच्या भांड्यात ओतलं. सहाशे सत्तर मिलिलिटर भरलं. सकाळी बाटलीत साडेसातशे होतं. सातच्या गोळ्या त्यातल्याच पाण्याबरोबर घेतल्या होत्या. वहीत तिनं लिहिलं: प्यायलेलं पाणी, ऐंशी मिलिलिटर.