लाल पोटाचं फुलपाखरू

देवाने शेपटीवाल्या फुलपाखरांच्या एका घराण्याला विष दिलं आणि दुसऱ्याला नुसता त्याचा वेष. पहिल्याची अळी विषारी वेल खाऊन वाढते, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. दुसऱ्याची अळी लिंबाची पानं खाते. अंगात विषाचा थेंब नाही, पण मादीचे पंख हुबेहूब तसेच, काळे, लाल ठिपक्यांचे. ओळखायचं ते पोटावरून. विषारीचं लाल, नकलीचं काळं.

संग्रहालयात टाचण्यांवर फुलपाखरं बसवणाऱ्या वन्संना हे झोपेतही सांगता आलं असतं. त्यांची साहेबीण म्हणजे त्यांची सख्खी भावजय. अकरा वर्षं दोघी बोलत त्या कामापुरत्या, तेही शक्यतो तिसऱ्याच्या तोंडून.

मोडलेला नमुना जोडला की टाचणीखाली पांढरी चिठ्ठी लावायची, हा तिथला नियम. अकरा वर्षांपूर्वी भावजयीने भर बैठकीत त्या चिठ्ठ्या मोजून दाखवल्या. आमच्या वन्संच्या कपाटात फुलपाखरं कमी, ठिगळंच जास्त, असं म्हणाली. सगळे खो खो हसले. त्या दिवसापासून वन्संनी जोडणं सोडलं नाही. चिठ्ठी लावणं सोडलं.

अशा बिनचिठ्ठीच्या नमुन्यांतलंच एक आता भावजयीच्या हाती लागलं होतं. पंख नकलीचे, पोट लाल. दोन दिवस भिंगाखाली धरूनही जोड दिसला नाही, इतका वन्संचा हात सफाईदार. ही नवीच जात, असं ठरवून तिने बाहेरचे तज्ज्ञ बोलावले. दुपारी ते येणार होते.

वन्संनी पाहताक्षणी आपलं काम ओळखलं. पोट गळून पडलेलं नकली; घाईत शेजारच्या, विषारींच्या खोक्यातलं सुटं पोट डकवलेलं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. त्यांनी तोंडाला कुलूप घातलं. होऊ दे चारचौघांत शोभा. त्या आनंदात सकाळी देवाचं नाव घ्यायचंही राहून गेलं.

तेवढ्यात भावजय स्वतः त्यांच्या टेबलापाशी आली.

"नाव ठरलंय. सासूबाईंचं देणार."

"आमच्या आईचं? तुम्ही?"

"अळी ओळखायला मला त्यांनी शिकवलं. अळ्यांसाठी त्यांनी अंगणातल्या लिंबाला कधी फवारा मारू दिला नाही. तुम्ही काय केलंत त्यांच्यासाठी? तोंड वाकडं करण्यापलीकडे?"

शब्द वर्मी लागला. पण त्याहून दुसरंच काही वन्संच्या छातीत रुतलं. जन्मात खोटं न बोललेली ती बाई, आणि तिचं नाव एका खोट्या पोटाला चिकटून पुस्तकांत राहणार.

त्यांनी खोकं पुढे ओढलं. कोमट पाण्यात बुडवलेली कुंचली फुलपाखराच्या कमरेला टेकवली आणि धरून ठेवली. भावजय हात धरायला धावली, तोवर गोंद सुटला. लाल पोट टपकन ताटलीत पडलं.

भावजयीने ते चिमट्याने उचलून भिंगाखाली धरलं.

"चिठ्ठी का नाही लावलीत?"

"तुम्ही मोजल्या असत्यात."

तिचा चेहरा उतरला, मग कठोर झाला. "अशी आणखी किती आहेत?"

"तुम्ही हसलात त्या दिवसापासूनची सगळी."

भावजयीने तज्ज्ञांना येऊ नका म्हणून कळवलं. मग कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा वन्संसमोर आपटला, खुर्ची ओढून समोर बसली आणि पहिला खण उघडला.