डोळे मिटलेला सुकाणी

एमलिन प्रॉसरनं डोळे उघडले आणि त्याला काही कळेचना.

नाव आपसूक सरकत होती. वल्ही थांबली होती. समोर आठ माना गुडघ्यांत गेलेल्या, आठ पाठी भात्यासारख्या हलत होत्या. पंचांची बोट मागं राहिलेली दिसली, तेव्हा कुठं शेवटची रेघ ओलांडल्याचं त्याच्या ध्यानात आलं. पण आधी ओलांडली कुणी? डोक्याला पट्ट्यानं बांधलेला कर्णा अजून तोंडावर होता आणि घशात सूर थरथरत होता.

"काय झालं, पाद्रीबुवा?" टॅड वोझनीनं धापा टाकत विचारलं. टॅड म्हणजे लय धरणारा वल्हेकरी, एमलिनच्या गुडघ्याला गुडघा लावून बसणारा. "बोल की! आपण का ते?"

वल्हेकऱ्यांची पाठ पुढं असते. पुढचं दिसतं ते एकट्या सुकाण्याला. आठ धिप्पाड पोरांनी आपले डोळे या किडकिडीत पोराच्या हवाली केलेले, आणि त्यानं ते ऐन वेळी मिटून घेतलेले.

याचं मूळ त्याच्या वडिलांच्या चॅपेलमध्ये, म्हणजे छोट्याशा चर्चमध्ये होतं. पाटीच्या दगडाच्या खाणींपाशी वेल्श लोकांची वस्ती, तिथं रेव्हरंड प्रॉसर प्रवचन करत. सुरुवात साध्या बोलण्यानं व्हायची, मग शब्दांना हेलकावा यायचा, आणि शेवटी ते बोलतायत की गातायत हे कुणाला सांगता येत नसे. सगळं चॅपेल डोलायला लागे. पहिल्या बाकावर एमलिनचे डोळे आपोआप मिटत. प्रवचन संपलं की वडील त्याला हळूच सांगत, "मागच्या बाकावर बेव्हनकाकू रडत होत्या. थोडे बटाटे देऊन ये." इतक्या रंगात आलेल्या माणसाला हे कळतं कसं, याचं त्याला लहानपणापासून कोडं होतं.

नावेतही वल्ह्यांच्या लयीसाठी तो तसाच हाका घालायचा. आधी मोजके शब्द, मग हेलकावा, मग सूर. पोरं चेष्टा करत, पण नाव त्या सुरावर पळे. आज शेवटच्या वीस फटक्यांना सूर असा लागला की त्याचं देहभानच गेलं.

पलीकडच्या नावेत ब्रॅडवेल कॉलेजची पोरं आरोळ्या ठोकत होती. काठावर टोप्या उडत होत्या.

"गेलो रे," तो म्हणाला.

सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट आली असणार. ही शर्यत जिंकली तर हडसन नदीवरच्या मोठ्या शर्यतीला जायचं, आणि तोवर तीन आठवडे नावघरातलं जेवण चालू राहायचं: मांसाचा रस्सा, पाव, दूध. हरलं तर ते जेवणाचं टेबल आजच उचललं जाणार. बँका बुडाल्या, खाणीचे भोंगे मुके झाले, तेव्हापासून निम्म्या पोरांना दिवसाचं धड जेवण तेवढंच होतं. टॅड तर आपल्या वाटणीचा अर्धा पाव रुमालात बांधून बहिणींना नेई.

"चला," टॅड म्हणाला. "सदरे काढा."

हरलेल्यांनी आपले सदरे जिंकलेल्यांना द्यायचे, ही तळ्यावरची जुनी रीत. एमलिनच्या कॉलेजला यंदा सदरे परवडले नव्हते. चॅपेलच्या बायकांनी पिठाच्या पोत्यांतून ते शिवले होते. एमलिनच्या पाठीवर गिरणीचं नाव अजून पुसट वाचता येई. नऊ सदरे पाण्यावरून पलीकडे गेले. ब्रॅडवेलचा सुकाणी पील, तोही एमलिनएवढाच चिमुकला, ते छातीशी धरून अवघडून बसला.

तेवढ्यात पंचांची बोट फटफटत आली. दोन पंच हातवारे करत भांडत होते, आणि कोच हॅलोरन मधे बसून लालबुंद झाले होते.

"अरे गाढवांनो, निकाल लागायच्या आधी कपडे काय काढताय?" कोच ओरडले.

"मला पांढरं निशाण उभारावंसं वाटलं, म्हणजे तुम्ही जिंकलात," एक पंच एमलिनला म्हणाला.

"मला लाल," दुसरा म्हणाला. "आणि सदरे दिले त्यांनी! म्हणजे हार मानलीच की. सुकाणी पाहिल्याशिवाय का देऊ देईल?"

सगळे एमलिनकडे पाहू लागले. पाहिलं म्हणावं तर खोटं. नाही म्हणावं, तर या आठ जणांपुढं पुन्हा कुठल्या तोंडानं बसायचं? गप्प राहिलं तर टेबल गेलं. बोललं तर आपण गेलो.

"मी पाहिलं नाही," तो म्हणाला. "माझे डोळे मिटले होते. मी... गात होतो."

टॅडचं तोंड उघडंच राहिलं. "मिटले होते? नाव चालवताना? अरे, तळ्यात खांब आहेत!"

"तुझ्या समोरच तर बसलो होतो. माझे डोळे तुला दिसले नाहीत?"

टॅड घुटमळला. "माझेही मिटलेलेच होते," तो पुटपुटला. "शेवटी मी नेहमीच मिटतो."

पंच पीलकडे वळले. "तू तर पाहिलंस ना, बाळ?"

पीलनं हातातल्या सदऱ्यांकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले. "मी याच्याकडे बघत होतो, साहेब. असं गाताना मी कुणाला ऐकलं नव्हतं. रेघ कधी गेली कळलंच नाही. आमची पोरं ओरडली, म्हणून मीपण ओरडलो."

कोचनी कपाळावर हात मारून घेतला. अखेर ठरलं: तासाभरानं पुन्हा शर्यत.

पील सदरे परत द्यायला लागला. टॅडनं मान हलवली. "दिले ते दिले. आता जिंकूनच घेऊ." आणि मे महिन्याच्या त्या बोचऱ्या वाऱ्यात ती नऊ पोरं उघड्या अंगानं नावेत बसली.

"आता नाही गाणार," एमलिन म्हणाला. "नुसतं मोजतो."

"मोजायला घड्याळ आहे कोचकडे," टॅड म्हणाला. "तू गा. फक्त डोळे उघडे ठेव. मिटायचं काम आमचं."

बंदूक वाजली. अर्ध्या वाटेपर्यंत एमलिनच्या तोंडून कोरडे शब्दच निघाले. उघड्या डोळ्यांनी सूर लागेना. एक डोळा पाण्यावर, एक ब्रॅडवेलच्या लाल वल्ह्यांवर. मन कुठंच नाही. ब्रॅडवेलची नाव हातभर पुढं गेली. मग त्यानं टॅडकडे पाहिलं. टॅडनं डोळे गच्च मिटले होते, लेकरू चॅपेलच्या बाकावर मिटतं तसे. चेहऱ्यावर काळजीचा मागमूस नव्हता.

आणि एमलिनला बेव्हनकाकू आठवल्या. सगळं चॅपेल डोळे मिटून डोलत असायचं. एकटे वडील सोडून. त्याला ते कधी दिसलं नव्हतं, कारण त्याचे स्वतःचे मिटलेले असत.

त्याच्या आवाजाला हेलकावा आला. मग सूर. त्याला खांब दिसत होता, पंचाची टोपी दिसत होती, पीलचं उघडं तोंड दिसत होतं, आणि सूर तुटत नव्हता. नाव हलकी झाली. लाल वल्ही एकेक करून मागं गेली. रेघ त्यानं चांगली पाहिली.

"आपण!" तो ओरडला. "वीतभर! आपण!"

सात जणांनी माना वर करून निशाण शोधलं. टॅडनं केली नाही.

"तू पाहिलंस ना?" त्यानं डोळे न उघडताच विचारलं.

"पाहिलं."

"मग झालं. भूक लागलीय."

मागं पांढरं निशाण वर गेलं. पील नाव जवळ आणत होता. त्याच्या मांडीवर सदऱ्यांची चळत होती: त्यांचे लाल वर, पिठाच्या पोत्यांचे खाली.

"एक विचारू?" सदरे देताना तो एमलिनला म्हणाला. "पहिल्या वेळी कोण जिंकलं असेल रे?"

"आपण दोघांनी कुठं पाहिलं?" म्हणत एमलिननं पोत्याचा सदरा अंगात घातला.