आज्ञेचा गुरुवार

बाबा गेल्यानंतरचा हा पहिलाच पवित्र गुरुवार, आणि नव्या पाळकांनी नेमका त्यालाच हात घातला होता. रविवारची उपासना संपताना ते म्हणाले, "यंदा गुरुवारी बारा जणांचे पाय नको, नुसते हात धुऊ. सुटसुटीत होईल."

बाबांची लेक सोमवारी सकाळीच पाळकांसमोर जाऊन बसली. ती ग्रंथालयात कामाला होती. भांडायचंच तर आधी वाचून जावं, हा तिचा शिरस्ता. बाबा प्लंबर. दर वर्षी त्या संध्याकाळसाठी बारा जणांना गोळा करायचं, पाणी कोमट ठेवायचं, टॉवेल पुरवायचे, हे सगळं त्यांच्याकडे. लोक घरूनच पाय घासूनपुसून, वर पावडर लावून यायचे. बाबा वैतागायचे, "अरे, धुतलेलेच धुवायचे तर मी पाणी कशाला तापवू?"

"नावच बघा ना," पाळक म्हणाले. "इंग्रजीत मॉन्डी थर्सडे. बहुतेक जाणकार सांगतात की ते लॅटिनमधल्या 'मांदातुम'वरून आलं. म्हणजे आज्ञा. ती कोणती? योहानाचा तेरावा अध्याय, चौतिसावं वचन. एकमेकांवर प्रीती करा. त्यात पाय कुठे आले?"

"त्याच अध्यायात, चौदाव्या वचनात. तुम्हीही एकमेकांचे पाय धुवा, असं प्रभूच सांगतात."

"पण नाव पडलं ते आज्ञेवरून."

"मान्य. पण त्या दोन वचनांच्या मधे काय झालं? प्रभूंनी बारा शिष्यांचे पाय धुतले तेव्हा यहूदा तिथेच होता. मग तो उठून बाहेर गेला, आणि आज्ञा ऐकायला उरले अकरा. हा दगा देणार हे ठाऊक असूनही त्याचे पाय धुतले होते. नुसती आज्ञा ठेवलीत, तर तो बारावा माणूस गळतो."

पाळकांनी खुर्ची मागे सरकवली. मग म्हणाले, "खरं सांगू? माझे गुडघे. एकदा खाली बसलो की उठवायला क्रेन लागेल."

बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच तिला हसू आलं. "मग मी धुते."

"चालेल. पण बारा माणसं तुम्ही आणायची. लोक लाजतात हो. एक जरी कमी पडला, तरी हातच धुवायचे."

ती दारोदार हिंडली. शिंपीणबाई तयार झाली, बेकरीवाला तयार झाला. आत्या म्हणाली, "माझ्या टाचांच्या भेगांत तुझा टॉवेल अडकेल बघ," पण हो म्हणाली. बुधवारी संध्याकाळी अकरा झाले, आणि गाडी तिथेच अडली.

"एक जण आहे," आत्या म्हणाली. "तुझा काका."

काका फरशी बसवायचे. दोघा भावांनी मिळून चर्चचं न्हाणीघर बांधलं, ते गळायला लागलं. काका म्हणाले पाइप, बाबा म्हणाले फरशी. तेव्हापासून अबोला.

"त्यांचं नाव काढू नकोस. बाबा दवाखान्यात होते, तेव्हा एकदा तरी जिना चढले का?"

"नाही चढला. मग तू पाळकांना काय सुनावून आलीस, ते मला परत एकदा सांग."

लेक रात्रभर कूस बदलत राहिली. गुरुवारी दुपारी ती एका नव्या इमारतीचे जिने चढून गेली.

काका न्हाणीघरात उकिडवे बसून फरशीचे सांधे भरत होते. पावलं सिमेंटने पांढरीफटक.

"आत पाय देऊ नकोस. ओलं आहे," ते मान वर न करता म्हणाले.

ती दारातच थांबली. "संध्याकाळी पाय धुवायचे आहेत, काका. एक माणूस कमी पडतोय."

"खोगीरभरतीला मी आठवलो होय?"

"हो."

काकांच्या हातातली थापी थांबली. "पाइपच गळत होता बरं का. तुझा बाप गेला म्हणून मी फरशी म्हणणार नाही."

"नका म्हणू. मी फरशीच म्हणणार."

"बापावर गेलीस." थोड्या वेळाने ते म्हणाले, "मी आलो नाही दवाखान्यात."

"माहीत आहे."

"राग असेल."

"आहे. आणि लगेच जाईल असंही नाही." तिने खांद्यावरची पिशवी सावरली. "पण राग गेल्यावर धुवा, असं कुठे लिहिलेलं नाही. मी बघितलं."

"धुणार कोण? तो नवा पाळक?"

"मी."

काकांनी आपल्या पावलांकडे बघितलं, मग अर्धवट राहिलेल्या फरशीकडे. "हे सुकायच्या आत पुसलं नाही तर सगळी फरशी डागाळेल. एकट्याने करत बसलो तर संध्याकाळी यायला उशीर होईल."

तिने पिशवी बाहेर ठेवली, बाह्या वर सारल्या आणि उंबऱ्यातच गुडघे टेकले. काकांनी बादलीतला दुसरा स्पंज पिळून तिच्याकडे सरकवला.

"सांध्याच्या रेषेवरून नको," ते म्हणाले. "तिरका फिरव. आणि जोर नको लावूस."