आबांनी विलोला ताण दिला

विलो म्हणजे आपल्या नदीकाठच्या वाळुंजाची परदेशी चुलतबहीण. झुडूप जेमतेम कमरेएवढं, पण कोवळी पालवी अशी पांढरी-गुलाबी की फुलांनी खाली बघावं. "तुमच्याकडच्या उन्हात जगायचं नाही," असं पुण्याच्या नर्सरीवाल्याने सांगितलं, तेव्हाच वरवंडच्या सुलक्षणाने बारा रोपं उचलली. बाई हट्टीच. कुरकुंभच्या एका कंपनीतल्या प्रतिभा मॅडमना तिने शब्द दिला, पंधरा फेब्रुवारीला गेटवर बारा गुलाबी झुडपं. शब्द पाळला तर कंपनीची सगळी बाग तिच्या नर्सरीकडे येणार होती.

जानेवारीत ती भावाच्या लग्नाला आठ दिवस शिक्रापूरला गेली आणि झाडं सासऱ्यांच्या हवाली केली. हौसराव आबांनी चाळीस वर्षं डाळिंब केलेलं. बहार धरायचा तर पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, पानं गाळायची, मग पाणी सोडलं की झाड फुटतं. सुनेला पालवीच हवीय ना? आबांनी ठिबक बंद केलं.

सुलक्षणा परतली तेव्हा बारा पिशव्यांत नुसत्या काटक्या उभ्या होत्या.

"ताण झकास बसलाय," आबा खुशीत म्हणाले. "आता बघ कसं फुटतंय!"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आबा, हे डाळिंब हाय व्हय? ह्याला एक दिस बी पाण्याबिगर चालत न्हाई!"

आबांचं तोंड एवढंसं झालं. तिला त्यांची दया आली नाही, खोटं कशाला सांगा.

तिने नखाने फांदी खरवडली. शेंडे वाळलेले होते, पण बुडाशी सालीखाली हिरवं होतं. "मेलं न्हाई," ती म्हणाली आणि कात्री आणली. विलोचा रंग नव्या फुटीलाच येतो, छाटणी तिला करायचीच होती; फक्त ती हिरव्यागार झाडांची व्हायची होती. बाराही झुडपं तिने वीतभर ठेवली, पिशव्या पाण्याच्या घमेल्यांत बसवल्या, वर शेडनेट ओढलं. जगणार म्हणजे जगणार.

आबा रोज सकाळी येऊन घमेली भरत. बाराव्या दिवशी त्यांनी हाक मारली, "सुलक्षणा, पळत ये!" बुडाशी तांबूस डोळे फुटले होते. बाराही झाडांना.

पंधरा फेब्रुवारीला सुलक्षणा आबांना घेऊन कुरकुंभला गेली; गेटवर पांढरी-गुलाबी पालवी डुलत होती. प्रतिभा मॅडम खूश झाल्या. "बाग तुमचीच. रोजची निगा मात्र आमचा माळी राखेल. डाळिंबाच्या बागेत मुरलेला माणूस आहे."

सुलक्षणाने ओठ आवळून हसू दाबलं. परक्यासमोर कधी हार न मानलेले आबा टोपी सारखी करत पुढे झाले.

"मॅडम, त्या माळ्याला आधी माझ्याकडं धाडा. हे झाड कसं मारायचं ते मला ठाऊक हाय. कसं जगवायचं ते माझ्या सुनेनं शिकवलंय."