टाकलेल्या बाईचा डबा

मी एक जुना, पोचे पडलेला स्टीलचा डबा आहे. मित्रांनो, आज माझा पारा चढलेला आहे, तेव्हा गोड गोष्टीची अपेक्षा ठेवू नका.

पुनावळ्याच्या गोजाबाईने मला आणले, तिचा नवरा भिमाजी भोसरीच्या एका कंपनीत लागला तेव्हा. तो शिफ्टला निघण्याआधी ती मला भाकरी, कालवण आणि ठेच्याने भरायची. कंपनीत माझे फार कौतुक. झाकण उघडले की शेजारची माणसेही सरकून बसायची.

पुढे मूल होत नाही म्हणून भिमाजीने पंच बसवले. त्यांच्यापुढे काडी मोडली आणि संसार संपला. तो भोसरीत खोली घेऊन राहिला. कंपनीचे जेवण त्याला सोसेना, तेव्हा त्या निर्लज्जाने मलाच मागवले! आणि गोजाबाईने पाठवले. भिमाजीचा पुतण्या रणजीत त्याच कंपनीत होता, तो मला नेई. भिमाजी निवृत्त झाला आणि मी फळीवर धूळ खात पडलो.

यंदा भिमाजी वारला. रणजीत गोजाबाईला पेन्शनच्या ऑफिसात घेऊन गेला. दिवस मोडणार म्हणून तिने मला भरून घेतले. साहेबांनी नाते विचारले आणि तिने खरे ते सांगून टाकले, "आमची काडीमोड झालीया."

"मग पेन्शन विसरा, मावशी."

"इसरू कशी? हजेरी त्येची लागली साहेब, पर भाकरी माजी लागली."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "कोर्टाचा निकाल आहे का?"

"कोर्ट कशाला? गावानं मोडली."

"मग आमच्या लेखी तुम्ही त्यांची बायकोच. अर्ज करा, पेन्शन तुम्हालाच मिळेल."

रणजीत हसला. गोजाबाई हसली नाही. तिने मला टेबलावर असे आपटले, की माझ्या अंगावर नवा पोचा पडला.

"बायकोच व्हते? मग इतकी वरसं टाकलेली म्हनून मला कुनाच्या हळदीला उभं केलं न्हाई, त्ये कशापायी?"

रणजीतने मान खाली घातली. त्याच्या हळदीला ती मांडवामागे सगळ्यांचा स्वयंपाक करीत होती.

अर्ज तिने केला. का करू नये? ते पैसे तिच्या कष्टाचे आहेत.

मित्रांनो, मला घासूनपुसून जपा असे मी म्हणणार नाही. पोचे पडले तरी डबा चालतो. पण ज्या हातचे खाता, त्या हाताला आधी मांडवात बोलवा.