खांबा, मामांजींना सांग

सकाळपासून उमादेवीचा जीव थाऱ्यावर नव्हता. वरणात मीठ दोनदा पडलं. चुलीपाशी बसावं तर अंगण बोलवी, अंगणात जावं तर घर. हाताला काम नसलं की बोटं पदराचं टोक पिळत बसत. आज ग्रामसभा होती.

त्या साली पंचायतीत बायांसाठी जागा राखीव झाल्या. सरपंच बसप्पांनी बाहेरची बाई कशाला म्हणून घरची सून उमादेवीच उभी करून निवडून आणली. सही करायची आणि घरी यायचं, एवढंच ठरलेलं. पण सुनेच्या मनात एक गोष्ट सलत होती. तिची चन्नी सातवी पास झाली होती आणि आठवी होती बोरीला. मुक्कामाची यष्टी तांबडं फुटायच्या आत निघे, शाळा भरे अकराला. शाळेच्या वेळेला गाडी मागायची तर पंचायतीचा ठराव हवा.

"पोरीला सातवी लय झाली," बसप्पा म्हणाले होते. विषय तिथंच मिटला. शाळेत नाव घालायची मुदत आता संपत आली होती.

नवरा शिवरुद्र तिच्या बाजूनं होता, पण गोठ्यापुरता. तिथंच तो तिला भाषण शिकवी.

"म्हण, अध्यक्ष महाशय आणि जमलेल्या बंधूंनो. मान वर. समोरच्याच्या डोळ्यात बघायचं."

"समोर कोन बसतंय?"

"आमचे आप्पा."

"मंग तुमीच बघा त्यांच्या डोळ्यात. जल्मात कवा बघितलंय का?"

शिवरुद्रानं म्हशीकडं पाहिलं. म्हैस रवंथ करीत होती.

खरी अडचण तीच होती. नांदायला आल्यापासून उमादेवी सासऱ्याशी समोरासमोर एक शब्द बोलली नव्हती. घरची रीतच तशी. सांगायचं ते माजघरातल्या खांबाला सांगायचं. "खांबा, मामांजींना सांग, ताट वाढलंय." मामांजीही खांबालाच उत्तर देत. ही रीत सासूनं, थोरल्या चन्नबसम्मानं शिकवलेली. ती स्वतःही आपल्या सासऱ्याशी अशीच बोलायची, आणि तरणेताठे बसप्पा ओसरीवर बसून ऐकायचे. जात्यावर बसली की म्हणायची,

*खांबा रे खांबा दादा, तुझं सागवानी अंग*
*माझ्या मनातलं गूज, तूच मामांजीला सांग*

सासू गेली. नातीला तिचं नाव तेवढं राहिलं.

ऊन कललं तशी माणसं चावडीत जमली. बसप्पा खांबाला टेकून बसले. बाया ओट्याखाली, पदर कपाळापर्यंत ओढून. ग्रामसेवकानं एकेक विषय वाचला आणि शेवटी विचारलं, "आणखी कुणाचा काही विषय?"

उमादेवी उभी राहिली.

"अध्यक्ष म..."

पुढचं पाठ केलेलं आठवेना. पायाचा अंगठा जमीन उकरू लागला.

"बसा वहिनी," पंचायतीतले दिनकरराव म्हणाले, "तुमी सही तेवढी करा. भाषनाचं आमी बघतो की."

हशा पिकला. शिवरुद्र दाराशी उभा होता, तो चपलेत काहीतरी शोधू लागला. उमादेवीची नजर सासऱ्याच्या पटक्यावरून घसरली आणि मागच्या खांबावर जाऊन थांबली. सागवानीच होता तो. टेकणाऱ्या पाठींनी काळा, गुळगुळीत झालेला. घरच्यासारखाच.

"खांबा," ती म्हणाली.

माणसं वळून बघू लागली.

"खांबा, मामांजींना सांग. गावातल्या सात पोरी सातवी झाल्यात. पोरं सायकलीवर बोरीला जायलेत, पोरी गवऱ्या थापायल्यात. मामांजींना सांग, सकाळची यष्टी अंधारात जाती. त्या गाडीनं गेलं तर शाळा उघडायची वाट बघत पोरींनी कुठं बसावं? धा वाजता गाडी द्या म्हनून डेपोला ठराव धाडा, सांग."

जात्याचा खुंटा हाती आल्यावर ओवीमागून ओवी यावी, तसं वाक्यामागून वाक्य येत होतं. श्वास आपोआप जिथल्या तिथं पडत होता.

दिनकरराव हसायला गेले, पण बसप्पा हसले नाहीत. त्यांनी मान वळवून मागच्या खांबाकडं पाहिलं. तिथं कुणी उभं असल्यासारखं, बराच वेळ. मग गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला.

"खांबा, इचार तिला. पोरी एकल्या गाडीत जायच्या, तर जिम्मेदारी कुनाची?"

"खांबा, सांग त्यांना. चतुराबाई रोज भाजीची पाटी घेऊन बोरीला चालत जाती. गाडी आली तर ती संगं बसंल. तिला इचारूनच उभी ऱ्हायलेय मी."

"मी हाय," ओट्याखालून चतुराबाई म्हणाली. "पायाचं कातडं गेलं माज्या."

"खांबा, आन यायचं कसं?"

"खांबा, सांग, मुक्कामाची गाडी सांजच्याला बोरीवरूनच येती. शाळा सुटल्यावर."

बसप्पांनी पटका काढून मांडीवर ठेवला, पुन्हा डोक्यावर घातला.

"खांबा, तिला म्हनावं, ग्रामसेवक ठराव लिवायलाय. आन चन्नीचं नाव उद्याच घालून या. तिच्या आज्जीचं नाव हाय ते." ते जरा थांबले. "आन एवढं मोठ्यानं बोलायचं काम न्हाई म्हनावं. मी बहिरा न्हाई."

आता तिनं बसायला हवं होतं. पदराचं टोक पिळून पिळून दोरी झालं होतं. ग्रामसेवकानं ठराव लिहून पेनाला टोपण लावलं.

"खांबा," उमादेवी म्हणाली, "आजून एक हाय."

ग्रामसेवकानं टोपण पुन्हा काढलं.