मेजरला नेणारी गाडी

बॉस्को अंकलना गाडी हवी होती ती एका घोडीच्या मरणामुळे. गेल्या ऑगस्टमधल्या एका रविवारी त्यांची डायना पोटशूळ उठून मेली. घोड्याला उलटी करता येत नाही. आतड्याला पीळ पडला तर माणसाच्या हातात उरते ती फक्त वेळ. दुपारी डॉक्टर आले, म्हणाले हिला ताबडतोब मुंबईच्या जनावरांच्या हॉस्पिटलात हलवा. भाड्याचा टेम्पो बोलावला. टिटवाळ्यातल्या त्यांच्या तबेल्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत सव्वा किलोमीटर मातीची वाट आहे. त्या वाटेत टेम्पो डायनासकट रुतला आणि ट्रॅक्टर मिळेपर्यंत एक तास दहा मिनिटं गेली. माजिवड्याच्या पुलाखाली डायनाने पाय झाडायचे थांबवले.

त्यानंतर अंकलनी शहाडच्या एका फॅब्रिकेटरकडून दोन घोडे मावतील असा बंद ट्रेलर बनवून घेतला. आता तो ओढायला चारही चाकांना जोर असलेली जुनी गाडी हवी होती. ती निवडायचं काम त्यांनी माझ्यावर टाकलं. मी बी.एस्सी. फिजिक्स, आणि वजनकाटे तपासून देणाऱ्या एका कंपनीत काम करते. अंकलच्या मते, जिला काट्याची चूक सापडते तिला गाडीची सापडणारच.

त्यांची मुलगी क्रिस्टल कॉलेजात माझ्या वर्गात होती. तिच्यामुळे मी तबेल्यात यायला लागले. क्रिस्टल नोकरीसाठी मस्कतला गेली आणि मी येतच राहिले. रविवारी आई शहाडहून विहारात जायला निघते तेव्हा मी टिटवाळ्याला निघते. "बी.एस्सी. झालीस ती लीद काढायला," असं आई दर रविवारी म्हणते आणि डबा मात्र दोघांना पुरेल एवढा देते.

तबेल्यात माझी एक वही आहे. दर रविवारी सव्वानऊला मी प्रत्येक घोड्याची नोंद करते: श्वास, लीद, पाणी, चारा. हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मोजता येतं ते मोजावं, एवढ्यावर मी सुरू केलं होतं. त्या ऑगस्टमधल्या रविवारच्या पानावर लिहिलंय: "डायना. पाणी: बादली काठोकाठ. लीद: नाही. दोनदा मान वळवून कुशीकडे पाहिलं." अंकल तेव्हा कल्याणला चर्चमध्ये मिस्सेला होते. मी ते सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि पुढच्या घोड्याकडे गेले. बारा वाजता अंकल परतले तेव्हा डायना जमिनीवर लोळत होती.

हे सगळं कशाचं लक्षण आहे ते मी नंतर वाचलं. अंकलना ते पान दाखवलं नाही. ते प्रत्येकाला सांगत, टेम्पो रुतला नसता तर डायना वाचली असती, आणि मी गप्प राहत असे.

ऑक्टोबरभर आम्ही गाड्या बघितल्या. सातेक तर फोटोवरूनच बाद केल्या. उरल्या दोन.

पहिली माजिवड्याला, जुन्या गाड्या विकणाऱ्या गोपीनाथ शेठकडे. पांढरी, आखूड, चपळ, डिझेल, नऊ वर्षांची. तिथे जाताना अंकल पुलाच्या बाजूला बघत नव्हते, म्हणून मीही बघितलं नाही. मी सतरंजी टाकून गाडीखाली गेले. चेसिसवर पान्याने ठोकत गेले. निरोगी लोखंड टणटणतं, सडलेलं दबक्या आवाजात बोलतं. सगळीकडे टणटण आली. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, कितव्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी बनला त्याचे. चारही टायर एकाच महिन्यातले होते. चिखलात चारही चाकं जोडणारा दांडा सहज पडत होता. गोपीनाथ शेठ वाकून माझ्या पायांशी बोलत होते. गाडी डॉक्टरांची आहे, एकहाती वापरलेली आहे, वगैरे. अंकलना म्हणाले, "तुमची मुलगी नवरा बघायला आली तरी अशीच खाली घुसेल."

"नवऱ्याला चेसिस नसतो, शेठ," अंकल म्हणाले. "तिथेच तर फसतात."

अंकल गाडीत बसले, इंजिन चालू केलं आणि माजिवड्यापासून घोडबंदरच्या दिशेने एक फेरी मारून आले. उतरताना त्यांचा चेहरा खुलला होता; तसा मी ऑगस्टनंतर पहिल्यांदाच पाहत होते. गाडी पळत होती.

दुसरी डोंबिवलीला, मुकुल नावाच्या माणसाची. राखाडी, लांब, डबल केबिनची पिकअप, तेरा वर्षांची. वडील ती शेतावर वापरायचे. वडील गेले, शेत गेलं, आणि सोसायटीत दोन गाड्यांची जागा नाही म्हणून ती विकायची होती. मागच्या हौद्याला पोचे, एका दाराची काच हाताने वर धरावी लागे. पण ओढायचा हूक बंपरला न लावता थेट चेसिसला बोल्टने बसवलेला होता आणि ब्रेक नुकतेच पूर्ण बदललेले होते. मुकुलने सगळी बिलं एका फायलीत तारखेनुसार लावून ठेवली होती. मला तो माणूस आवडला. अंकलना गाडी आवडली नाही. "म्हातारी आहे," एवढंच म्हणाले.

मी म्हटलं, आधी ट्रेलर खरोखर किती वजनाचा आहे ते बघू. फॅब्रिकेटरने सहाशे किलो सांगितलं होतं. शहाडच्या काट्यावर तो आठशे सत्तर भरला. अंकलनी मागाहून खाली जाड पत्रा आणि रबर घालून घेतलं होतं, तो हिशेब कुणाच्या डोक्यात नव्हता. मेजरला काट्यावर चढवायची सोय नव्हती. छातीचा घेर आणि अंगाची लांबी टेपने मोजून मी चारशे साठ काढले.

मेजर हा त्यांचा सगळ्यात मोठा घोडा. पंधरा वर्षं वरातींत गेलेला. आता मुलांना पाठीवर घेऊन गोल फिरतो. लांबून बँड ऐकू आला की अजूनही मान ताठ करून एका जागी नाचतो. म्हणजे मेजर आणि ट्रेलर मिळून तेराशे तीस. पांढरी गाडी स्वतः पंधराशेची, राखाडी एकोणीसशे पन्नासची. दुसरा घोडाही चढवला तर पांढरीच्या मागे तिच्यापेक्षा जड ओझं लागणार होतं.

चाचणी एकाच रविवारी घेतली. गोपीनाथ शेठ पांढरी घेऊन स्वतः आले, मुकुलने राखाडी आदल्या दिवशीच आणून सोडली होती. रात्री पाऊस पडून गेला होता, त्यामुळे वाट हवी तशी होती. आधी मी ट्रेलरमध्ये मेजरएवढ्या वजनाच्या रेतीच्या गोण्या भरल्या आणि दोन्ही गाड्यांनी त्या डांबरी रस्त्यापर्यंत नेल्या. पांढरीला पाच मिनिटं लागली, राखाडीला नऊ. अंकलनी माझ्या हातातलं घड्याळ स्वतः बघितलं.

"झालं ना?" ते म्हणाले.

मला तेवढ्यावर सोडायचं नव्हतं. गोण्या उभ्या राहत नाहीत, तोल सावरत नाहीत. मेजरला चढवलं, फोन त्याच्या समोरच्या दांड्याला बांधून व्हिडिओ चालू केला.

वाटेच्या मधोमध एक उतार आहे, त्याच्या तळाशी ओढ्यावर मोरी आहे. तिथे ब्रेक लावावाच लागतो. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक तेव्हा नव्हते. पांढरी उतारावर आली, अंकलनी ब्रेक दाबला आणि मागचं वजन तिला ढकलतच राहिलं. गाडीचं ढुंगण हातभर डावीकडे सरकलं, मग जागेवर आलं. गोपीनाथ शेठ आत होते. बाहेरून एवढंच दिसलं. व्हिडिओत वेगळं दिसलं. मेजर चारही पाय फाकवून, गुडघे वाकवून, जवळजवळ बसला होता. डोळ्यांचा पांढरा भाग दिसत होता. वर पोचेपर्यंत मानेवर घामाचा फेस आला होता.

अर्धा तास त्याला फिरवून शांत केलं, आणि मग तीच फेरी राखाडीने. मेजर उतारावर एक पाऊल पुढे आला, थांबला आणि समोर टांगलेल्या जाळीतलं गवत खायला लागला.

गोपीनाथ शेठ संध्याकाळपर्यंत कळवा म्हणून पांढरी घेऊन गेले. आम्ही ट्रेलरच्या उतरत्या फळीवर बसलो. मी अंकलना दोन्ही व्हिडिओ दाखवले. म्हटलं, ओढणं सोपं असतं, थांबवणं अवघड असतं. मागचं वजन गाडीच्या वजनाच्या जवळ गेलं की ते गाडीलाच ढकलतं. अंकलनी ते नीट ऐकून घेतलं.

"कळलं मला," ते म्हणाले. "मोरीवर मी हळू घेईन. सवय होईल. पण चार मिनिटं, बाय. ती तुझी म्हातारी चार मिनिटं खाते. डायनाला चार मिनिटं मिळाली असती तर?"

आणखी आकडे द्यायचे तर माझ्याकडे एकच आकडा उरला होता. मी आत जाऊन वही आणली आणि ऑगस्टचं पान उघडून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

ते चष्मा लावून वाचत होते. पान लहान आहे, पण त्यांना बराच वेळ लागला.

"सव्वानऊला तिने पाणी प्यायलं नव्हतं," मी म्हटलं. "तुम्ही बारा वाजता आलात. एकशे पासष्ट मिनिटं, अंकल. टेम्पोने सत्तर खाल्ली. ही त्याच्या आधीची, ती मी खाल्ली."

त्यांनी पान उलटलं, मागे काही आहे का बघितलं, परत उलटलं.

"मला फोन का नाही केलास?"

"तुम्ही मिस्सेला होतात."

"मिस्सेला होतो," ते म्हणाले. "मेलो नव्हतो."

ऑगस्टमध्ये मला ते कशाचं लक्षण आहे हे ठाऊकच नव्हतं, हे खरं होतं. पण ते सांगितलं असतं तर वही स्वच्छ झाली असती, आणि मला ती स्वच्छ करायची नव्हती. अंकल उठले, मेजरची दोरी सोडवली आणि त्याला घेऊन मोरीच्या दिशेने चालत गेले. परत आले तेव्हा मी निघायच्या तयारीत होते. जेवलीस का, असं ते नेहमी विचारतात. त्या दिवशी विचारलं नाही.

मंगळवारी मुकुलचा फोन आला. अंकलनी राखाडी घेतली होती, कागद नावावर करायला दिले होते, आणि तेरा वर्षांची बिलंही मागून घेतली होती.

त्यापुढच्या दोन रविवारी आम्ही कामापुरतं बोललो. शहाडच्या फॅब्रिकेटरकडून ट्रेलरला ब्रेक बसवून घेतले. बादल्यांना आतून खुणा कराव्यात, म्हणजे कोण किती प्यायलं ते कुणालाही वाचता येईल, हे मी सुचवलं. अंकल म्हणाले, कर. तिसऱ्या आठवड्यात मी शनिवारी येऊन तिन्ही बादल्यांत पांढऱ्या ऑइलपेंटने दर दोन लिटरला एक रेघ ओढली. रेघा इतक्या सरळ आल्या की मी त्यांचा फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी सव्वानऊला मेजरची बादली काठोकाठ भरलेली होती. बाकी दोघं थोडंसं प्याले होते. मेजर भिंतीकडे तोंड करून उभा होता. लीद होती, पण कधीची ते कळेना. मी वहीत काही लिहायच्या आधी फोन लावला.

दोनदा वाजला. मागे लोक गात होते.

"बोल," अंकल कुजबुजले.

"मेजर पाणी प्यायला नाही."

"डॉक्टरला लाव. ट्रेलरची फळी पाड. आलो."

पंचवीस मिनिटांनी राखाडी गाडी फाटकातून आत आली. अंकल इस्त्रीच्या शर्टात, पॉलिश केलेल्या बुटांत उतरले आणि सरळ चिखलातून मेजरकडे गेले. त्याच्या कुशीला कान लावला, एका बाजूला, मग दुसऱ्या. ओठ उचलून हिरड्या बघितल्या. मग बादलीशी वाकले आणि तिचा वास घेतला. पुन्हा घेतला. मला बोलावून घ्यायला लावला.

ऑइलपेंट. हाताला सुकलेला वाटत होता, पण पाण्याला त्याचा वास लागला होता. बाकीच्यांनी नाइलाजाने थोडं प्यायलं होतं; मेजरने साफ नाकारलं होतं.

अंकल घरातून भाताचं मोठं पातेलं घेऊन आले, त्यात पाणी भरलं आणि मेजरपुढे ठेवलं. मेजरने नाक लावलं, फुरफुरला आणि प्यायला लागला. घोडा पाणी पितो तेव्हा कान प्रत्येक घोटाला मागेपुढे होतात. आम्ही दोघं ते मोजत उभे होतो, हे माझ्या नंतर लक्षात आलं, कारण मी चौतीस म्हटलं आणि अंकल छत्तीस म्हणाले.

मी डॉक्टरांना नको म्हणून कळवलं. अंकलची मिस्सा अर्धी राहिली होती आणि बुटांची वाट लागली होती. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं.

"खिळा आण," ते म्हणाले. "दुसऱ्या बादल्या आणू आणि रेघा खिळ्याने ओढू."

मी खिळा आणायला गेले. मागून ते म्हणाले, "आणि जेवलीस का?"